मागच्या दाराची गिऱ्हाइकं

शुद्धीवर आल्या आल्या वहिनींनी डॉक्टरांकडे आपली बरगडी मागितली. गळ्याच्या हाडामागची पहिली बरगडी डॉक्टरांनी काढून टाकली होती. ती आपली होती, तेव्हा निदान एकदा डोळ्यांनी बघायला मिळावी, एवढंच वहिनींचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणाले, ती तपासणीला गेली. त्यावर वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या की आमच्या दुकानात कापलेले केससुद्धा गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय झाडत नाहीत, आणि तुम्ही तर अख्खं हाड झाडून टाकलंत. नर्स हसली, डॉक्टर हसले. पलंगाच्या पायथ्याशी उभे असलेले वहिनींचे यजमान तेवढे हसले नाहीत. ते मोटार चालवायला शिकवत, आणि आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसल्यामुळे घरातही त्यांचा पाय कायम ब्रेकवर असे.

वहिनी म्हणजे कोणा एकाच्या वहिनी नव्हेत. त्यांचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एकीवर त्या आणि दुसरीवर त्यांची नणंद. नणंद दिवसभर ‘वहिनी, टॉवेल’ आणि ‘वहिनी, जरा हे डोकं बघा’ करत राही. ते ऐकून गिऱ्हाइकं वहिनी म्हणू लागली, मग गल्ली म्हणू लागली, आणि शेवटी दवाखान्याच्या कागदांवर दुसरं नाव असूनही डॉक्टरांच्या तोंडी तेच बसलं. यजमानांना सगळे मास्तर म्हणत. नणंदेला घरात धाकटी म्हणत, तिने चाळिशी ओलांडली तरी.

दुखणं आलं ते कामातूनच. उभा जन्म हात वर धरून केस कापण्यात गेलेला. मान आणि खांदा यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट असते, तिच्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा जातात. ती वाटच वहिनींच्या उजव्या बाजूला दाबली गेली. आधी मुंग्या यायच्या, मग हात गार पडायला लागला, मग खांद्याच्या वर नेला की शिशाचा व्हायचा. डॉक्टरांनी त्याला ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ असं भारदस्त नाव सांगितलं. घरात सासूबाईंनी त्याचं ‘बरगडीचं’ करून टाकलं, आणि तेच चाललं.

आता ऑपरेशन उत्तम झालं होतं. हात उबदार झाला, जडपणा गेला. पण उजव्या हाताची दोन बोटं काही जागी होईनात. अनामिका कधी यायची, कधी जायची. करंगळी तर शेजारच्या घरची असावी तशी गप्प होती. बरं, बोटं गेली तीही नेमकी हवी तीच. केस कापायची कात्री धरताना एका कडीत अंगठा जातो, दुसरीत अनामिका, आणि कडीच्या शेपटीवर करंगळी टेकते. हलतो तो अंगठा. अनामिका आणि करंगळी पातं स्थिर धरतात. रेघ सरळ येते ती त्यांच्या जिवावर.

त्यात वहिनींची मापायची तऱ्हा आणखी न्यारी. त्या केस कापून झाले की आरशात बघत नसत. दोन्ही करंगळ्या गिऱ्हाइकाच्या जबड्याला दोन बाजूंनी लावायच्या, केसांची टोकं त्यांच्यावर येऊ द्यायची, आणि झालं. आरसा खोटं बोलतो, गिऱ्हाईक मान वाकडी धरून बसतं, पण करंगळी चुकत नाही, असं त्यांचं मत होतं. दुकानात येणाऱ्या बायका मुद्दाम त्या करंगळ्यांसाठी येत.

डॉक्टर म्हणाले होते की नसा फार दिवस दबलेल्या होत्या, त्यांना सवड द्या, बहुतेक जागं होईल, सगळंच होईल असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. यातलं शेवटचं वाक्य वहिनींनी मास्तरांपर्यंत पोहोचू दिलं नाही. मास्तर रोज विचारत, “बोटं?” आणि वहिनी रोज सांगत, “ठणठणीत.” व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने डोळे मिटायला लावून बोटांना टाचणी टोचली, तर वहिनी पापण्यांच्या फटीतून बघून बरोब्बर सांगत, करंगळी, अनामिका, पुन्हा करंगळी. मुलगी खूश झाली. वहिनींना रिक्षाने घरी येताना रडू आलं. त्यांना भीती वाटत होती, अगदी साधी भीती. खिडकीजवळची पहिली खुर्ची त्यांची होती, आणि आता तिच्यावर धाकटी काम करत होती. बोटं आली नाहीत तर वहिनींनी त्या दुकानात बसायचं कुठे आणि करायचं काय?

घरी मास्तरांचं राज्य सुरू झालं. उजव्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले, तर मास्तरांनी कप अर्धाच भरायला सुरुवात केली. पलंगावरून उतरताना ते म्हणत, “आधी डावीकडे बघ, मग वळ.” स्वयंपाकघराच्या दारात ते हात आडवा करून उभे राहत. दिवसातून ठरलेल्या वेळी फुप्फुसांचा व्यायाम असे. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोळी, आणि नळीने श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. वहिनींची एक चढायची, दुसरी थरथरायची. ऐंशीच्या पुढच्या सासूबाईंनी ते खेळणं एकदा गंमत म्हणून तोंडाला लावलं आणि तिन्ही गोळ्या खाड्‌कन वर नेऊन ठेवल्या. तेव्हापासून त्या वहिनींकडे दयेने बघायला लागल्या.

दुसरा व्यायाम म्हणजे टेबलाला टेकून वाकायचं आणि हात सैल सोडून झुलवायचा. तो करता करता वहिनींचं लक्ष असे खिडकीतून गल्लीकडे. जाणारी येणारी प्रत्येक बाई थांबून चौकशी करायची आणि जाता जाता धाकटीची स्तुती करून जायची. किती शांतपणे कापते, किती विचारून कापते, वहिनी, तुम्ही मुळीच काळजी करू नका. वहिनी म्हणत, छे, काळजी कसली. आणि हात झोक्यावरून पडेल इतका झुलवत.

अशाच एका सकाळी, मास्तर पहिल्या शिकवणीला गेल्यावर, त्यांनी कपाटातून कात्री काढली. सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं की हे डॉक्टरांना चालतं का.

“कात्री चहाच्या कपापेक्षा हलकी आहे,” वहिनी म्हणाल्या. “आणि त्यांनी हात खांद्याच्या वर न्यायचा नाही सांगितलंय. खांद्याच्या खाली मी काय करते ते माझं मी बघेन.”

सासूबाईंनी मटार बाजूला ठेवले. त्यांचे केस कमरेपर्यंत होते आणि विंचरताना त्यांचे खांदे भरून येत. कित्येक दिवस त्यांना ते कापून टाकायचे होते, पण त्यांच्या मुलाला आई तशीच हवी होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि जे ठरायचं ते ठरून गेलं.

सासूबाई बुटक्या स्टुलावर बसल्या, वहिनी उंच स्टुलावर. त्यामुळे हात वर न्यायची गरजच नव्हती. कोपर पोटाजवळ, काम मांडीच्या उंचीवर. वहिनींना स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. पण अनामिका कडीत गेली की नाही हे त्यांना खाली बघून खात्री करून घ्यावं लागलं. केस कापून झाल्यावर त्यांनी सवयीने दोन्ही करंगळ्या जबड्याला लावल्या. डावीला केसांची टोकं लागली. उजवी काही बोलली नाही, आणि तिचं काही म्हणणं नाही असं वहिनींनी समजून घेतलं. वाकून समोरून बघावं तर मानेजवळचा टाका ओढत होता. वरून बघावं तर कोणतंही डोकं गोलच दिसतं. त्यांनी सासूबाईंच्या हातात छोटा आरसा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, सरळ आलंय ना?

सासूबाईंनी आरसा एका कानाशी धरला, मग दुसऱ्या कानाशी, मग नाकासमोर. बराच वेळ बघितलं.

“दोरी लावल्यासारखं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोक्याला रुमाल गुंडाळला आणि जरा पाय मोकळे करून येते म्हणून मागच्या दाराने निघून गेल्या. परत आल्या त्या फार खुशीत. संध्याकाळी मास्तर आपल्या आईकडे टक लावून बघत राहिले. दुकानात जाऊन कापून घेतले, असं तिने साळसूदपणे सांगितलं. मास्तरांनी अर्धा कप चहा घेतला, वहिनींच्या नखांत अडकलेला एक पांढरा केस बघितला, आणि दोन्हींबद्दल काही बोलले नाहीत.

वहिनींच्या अंगात मूठभर मांस चढलं. दुसऱ्या डोक्याची सोय सासूबाईंनीच केली. त्या चोरट्या धंद्याला त्यांचा स्वभाव इतका लागू पडला की ऐंशी वर्षं त्या नुसत्याच सभ्यपणे कशा राहिल्या याचं वहिनींना नवल वाटायला लागलं. बेकरीवाली पाव द्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने आली आणि केस कापून घेऊन गेली. मग शिंपीण आली, मग शाळेच्या ग्रंथालयातली बाई. एक दिवस तर दवाखान्यातली ती हसणारी नर्स आली. आल्या आल्या तिने शपथ घातली की हे डॉक्टरांच्या कानावर जाता कामा नये, आणि स्वतःच स्टुलावर जाऊन बसली. दर वेळी वहिनी करंगळ्या लावत, दर वेळी सहज विचारत, आणि दर वेळी सासूबाई आरसा न बघताच सांगत, दोरी लावल्यासारखं.

मास्तरांची धास्ती होतीच. त्यांची शिकवणीची गाडी गल्लीतून दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नव्हता. पण नशीब असं की गल्लीच्या वळणावर त्यांचे सगळे विद्यार्थी लांबलचक हॉर्न वाजवत. हॉर्न झाला की गिऱ्हाईक मागच्या दारी, स्टूल टेबलाखाली, केस केरात आणि वहिनी टेबलाला टेकून हात झुलवायला लागत. मास्तर आत डोकावून विचारत, “बोटं?” वहिनी म्हणत, “ठणठणीत.” मास्तरांना आपण किती सहज शेंडी लावतो याचं वहिनींना कधी कधी वाईटही वाटे.

एकच गोष्ट त्यांना खटकायला लागली होती. सासूबाई मधेच शिकवायला लागल्या. त्या बाईने जन्मात केसांची कात्री हातात धरलेली नव्हती. पण एके दिवशी मटारांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या की अंगठा फार उघडतेस. दुसऱ्यांदा म्हणाल्या, एका वेळी थोडेच केस घे. आणि परवा म्हणाल्या, “सूनबाई, कोपर घरी ठेव, हात बाहेर पाठव.” वहिनींना राग आला. हे आपण कुठेतरी ऐकलंय असंही वाटून गेलं, पण ते डोक्यात येता येता निसटलं. कोपर मात्र त्यांनी पोटाशी घट्ट धरलं. सासूबाईंचं ऐकायचं म्हणून नव्हे, आपसूकच.

पितळ उघडं पडलं ते शिंपिणीच्या मानेमुळे.

वहिनी टेबलाला टेकून हात झुलवत होत्या आणि शिंपीण खिडकीसमोरून कापडाचा गठ्ठा घेऊन चालली होती. तिची पाठ होती. मानेवरचे केस गोलाईत उचललेले होते, छोटी सुबक कमान. वहिनींचा हात झुलता झुलता थांबला. वहिनी मानेवर सरळ रेघ कापत. ती कमान धाकटीची. त्या कमानीवरून वहिनींनी धाकटीला वर्षानुवर्षं बोलून घेतलं होतं, आणि वहिनींची पाठ फिरली की धाकटी पुन्हा कमान काढायची. शिंपिणीचे केस वहिनींनी कापून अजून आठवडाही झाला नव्हता.

त्या वळल्या. सासूबाई नेहमीच्या जागी होत्या.

“आई, शिंपीण इथून कुठे गेली होती?”

“घरी. कपडे शिवायला.”

“मधे कुठे?”

सासूबाईंनी शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं. “दुकानात,” त्या म्हणाल्या.

“आणि बेकरीवाली?”

“दुकानात.”

“ग्रंथालयातली? नर्स?”

“नर्स घाईत होती. ती दुसऱ्या दिवशी गेली.”

वहिनी उंच स्टुलावर बसल्या. सगळ्यात आधी कोण गेलं, हे विचारायची गरज नव्हती, पण त्यांनी विचारलं.

“मीच,” सासूबाई म्हणाल्या. “अगं, माझा एक कान दिसत होता आणि दुसरा दिसत नव्हता. तशीच हिंडले असते तर लोकांना वाटलं असतं, मला एकच कान आहे.”

“मग सरळ आलंय म्हणून का सांगितलंत?”

“आरशात मला तूही दिसत होतीस. तुझा चेहरा बघितल्यावर दुसरं काय सांगणार होते?”

इतके दिवस आपण सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतोय असं त्यांना वाटत होतं, आणि सगळे मिळून त्यांचे डोळे धुळीने भरत होते. मग ते दुसरं आठवलं, आणि तेव्हा मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. कोपर घरी ठेव, हात बाहेर पाठव. हे वाक्य त्यांचंच होतं. धाकटीला पहिल्यांदा कात्री दिली तेव्हा दिवसातून शंभरदा त्या हे म्हणत. म्हणजे धाकटी त्यांची वाकडी डोकी बघत होती, सरळ करत होती, आणि आईच्या तोंडून शिकवणी पाठवत होती. वहिनींनी चपला घातल्या.

ऑपरेशन झाल्यापासून त्या गल्लीच्या टोकाच्या पुढे गेल्या नव्हत्या. वळणावर मास्तरांची गाडी समोरून आली, हिसका देऊन थांबली. चाकामागे एक घामाघूम गृहस्थ होते. वहिनींचा चेहरा बघून मास्तर काच खाली करून म्हणाले की गाडीत बस म्हणणार नाही, हिसके लागतील, पण चालायचं असेल तर सावकाश चाल. मग त्यांनी गाडी वळवायला लावली आणि ती वहिनींच्या मागोमाग माणसाच्या चालीने यायला लागली. थोडं पुढे गेल्यावर वहिनींना काहीतरी सुचलं आणि त्या थांबल्या. गाडीही थांबली.

“तुम्हालाही ठाऊक होतं,” वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा पुसला. “वळणावर इतका लांब हॉर्न द्यायचा नियम कुठल्या पुस्तकात नसतो,” ते म्हणाले.

चाकामागचे गृहस्थ दुखावलेल्या नजरेने मास्तरांकडे बघायला लागले. वहिनी पुढे चालू लागल्या.

दुकानात धाकटी होती, खिडकीजवळच्या खुर्चीशी. बाकावर दोघी बसल्या होत्या, एकीच्या डोक्याला टॉवेल होता. वहिनींना बघून सगळ्या एकदम आनंदल्या आणि त्यांचा चेहरा नीट दिसल्यावर एकदम गप्प झाल्या. वाटेत वहिनींनी पुष्कळ बोलणं जुळवून आणलं होतं. माझ्या पाठीमागे, माझ्याच दुकानात, माझ्याच शब्दांनी, वगैरे. ते सगळं दारातच सांडलं.

“किती वाकडं होतं?” त्यांनी विचारलं.

धाकटीने कंगवा खाली ठेवला. कानावर हात ठेवणं तिला सहज जमलं असतं, पण तिने तसं केलं नाही.

“आईचं बोटभर. उजवीकडून वर चढलेलं,” ती म्हणाली. “बेकरीवालीचं जरा कमी. नर्सचं त्याहून कमी. दर वेळी त्याच बाजूला, दर वेळी थोडं कमी. काल तुमच्याकडून बेकरीवालीची बहीण आली. मी सगळीकडून बघितलं. करंगळ्या लावून बघितल्या. दुरुस्त करायला काही नव्हतं, वहिनी. मी नुसतं पाणी मारलं, विंचरलं आणि पाठवलं.”

बाकावरच्या दोघींपैकी एकीने हळूच श्वास सोडला. धाकटी मात्र थांबली नाही.

“आणि खरं सांगू? मला बरं नाही वाटलं. मी तिला आणखी बसवून ठेवलं. कुठेतरी एखादा केस वाकडा सापडावा म्हणून शोधत राहिले. ही खुर्ची मला आवडायला लागली होती.”

वहिनी भांडायला आल्या होत्या. कोणी माफी मागितली असती तर त्या माफीचं काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं, पण हे ऐकायची तयारी नव्हती. धाकटीच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. आपण बेकरीवालीच्या बहिणीचे चार केस गुपचूप वर उडवले असते आणि वहिनींचा हात अजून बसला नाही हो, म्हणून सगळ्या गल्लीत हळहळलो असतो. ते इतकं स्वच्छ दिसलं की त्यांना हसूच आलं. धाकटी चमकून बघायला लागली.

“माझी करंगळी मेलेली आहे,” वहिनी म्हणाल्या. इतक्या दिवसांत हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि तेही टॉवेल गुंडाळलेल्या बाईसमोर. “तिला काही कळत नाही. अनामिका येते, जाते. डॉक्टरांना खोटं सांगितलं, तुझ्या भावाला खोटं सांगितलं. काल ते डोकं सरळ कसं आलं ते मला माहीत नाही. आणि पुढचं येईल का, तेही माहीत नाही.”

“कोपर,” धाकटी म्हणाली. “कोपर घरी राहिलं की बोटांचं अर्धं काम ते करतं. तुम्हीच तर शिकवलंय.”

“शिकवलंय खरं. पण मीच कधी केलं नव्हतं. मला करंगळ्या होत्या ना.”

बाहेर मास्तरांची गाडी रस्त्याच्या कडेला लागण्याचा चौथा की पाचवा प्रयत्न करत होती. धाकटीने खिडकीजवळच्या खुर्चीचा दांडा पायाने दाबला. खुर्ची फुसफुसत खाली गेली, अगदी तळाला. मग ती स्वतःच तिच्यात बसली आणि तिने अंबाडा सोडला. तिचे केस तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी कापलेले त्या दुकानात कोणी बघितले नव्हते.

“किती?” वहिनींनी विचारलं.

“हनुवटीपर्यंत.”

वहिनींनी उजव्या हातात कात्री घेतली. अनामिका कडीत गेली का, हे त्यांनी सगळ्यांदेखत खाली बघून पाहिलं. ते लपवायचं आता काही कारण नव्हतं. कोपर पोटाशी धरून त्यांनी कापायला सुरुवात केली. त्या फार सावकाश कापत होत्या. टॉवेलवालीचे केस वाळून गेले, पण तिने कुरकुर केली नाही. मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं नाही, हीच त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती.

शेवटी वहिनींनी दोन्ही करंगळ्या धाकटीच्या जबड्याला लावल्या. डावीला कळलं. उजवीला कळलं नाही. त्यांनी समोरच्या मोठ्या आरशात धाकटीच्या डोळ्यांत बघितलं. सरळ आलंय का, हे विचारताना यावेळी त्यांचा आवाज सहज निघाला नाही.

धाकटीने डोकं हलवलं नाही. डोळे तेवढे इकडून तिकडे फिरवले. वेळ घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “उजवीकडे चढलंय. थोडंच.”

मास्तरांनी दारातून काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि वहिनींनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. इतके दिवस रोज कोणीतरी त्यांना सांगत होतं की सगळं ठीक आहे.

“कुठे?” त्यांनी विचारलं. “दाखव.”

धाकटीने हात वर करून वहिनींची ती बधिर करंगळी आपल्या दोन बोटांत धरली आणि जिथे रेघ चढली होती तिथे नेऊन टेकवली. वहिनींना बोटाला काही जाणवलं नाही. आरशात मात्र करंगळी नेमकी कुठे आहे ते स्पष्ट दिसत होतं, आणि तिथून त्यांनी पुन्हा कापायला सुरुवात केली.